बिऱ्हाडकरूचा दिवा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. विंचवाला ते साधते, कारण त्याला नळ लागत नाही, मीटर लागत नाही, आणि जिन्यातल्या दिव्याच्या बिलावरून शेजारच्या विंचवाशी तंटा करावा लागत नाही. माणसाचे बिऱ्हाड टेंपोतून उतरले म्हणजे लागलेच असे नव्हे. भांडी फळीवर चढतात, देव कोनाड्यात बसतात. पण विजेचे बिल कोणाच्या नावाने येणार, पाणी किती वाजता आणि किती वेळ, गॅसचे पुस्तक कोठे नोंदवायचे, आणि अलीकडे भर पडलेली इंटरनेटची तार कोणी कोठून आत घ्यायची, हे ठरेपर्यंत ते घर म्हणजे एक मुक्कामच असतो. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर आणि राज्यघटनेवर व्याख्याने होतात, तेथे मीटरवर काय बोलायचे, असे कोणास वाटेल. परंतु घटनेने आणि कायद्याने दिलेला हक्क सामान्य माणसाच्या हाती पडतो तो बहुधा पावतीच्या रूपानेच, असा कामगार चळवळीतला माझा अनुभव आहे. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या भागाला तो परकाही नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोरच्या उशाशी, पश्चिमेला पालघर, वर चिल्हार फाट्यावरून वळले की बोईसर. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, मागोमाग बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, २०१३ साली लोकल गाडी विरारहून डहाणूपर्यंत आली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक पावलासरशी माणसे आली. कारखान्यातला ऑपरेटर, शाळेतला मास्तर, रुग्णालयातली परिचारिका, गुदामातला हमाल, महामार्गावरच्या हॉटेलातला आचारी. कोणी जव्हार-मोखाड्याकडून उतरले, कोणी उत्तर प्रदेश-बिहारातून. यांतले बहुतेक भाड्याच्या खोलीत राहतात. भातशेतीच्या बांधावर चाळी उगवल्या त्या यांच्यासाठी.

मजुरी दोनशे रुपयांनी वाढावी म्हणून आम्ही महिनामहिना द्वारसभा घेतो. करार होतो, गुलाल उधळतो. आणि वाढलेले दोनशे रुपये पुढल्याच महिन्यात चाळीच्या सबमीटरमधून गुपचूप निघून जातात. कारखान्याच्या फाटकावर ज्याला आपल्या पगारपत्रकातला प्रत्येक आकडा विचारायची सवय लागली आहे, तोच गडी खोलीवर आला की मालक सांगेल तो आकडा मुकाट्याने मोजतो. त्याला वाटते, वीज आणि पाणी ही मालकाने केलेली मेहेरबानी आहे. ती तशी नाही, हे कायद्याच्या आधाराने सांगावयाचे आहे.

आधी कागद. खोली भाड्याने घेताना आपल्याकडे बहुधा अकरा महिन्यांचे 'लिव्ह अँड लायसन्स' करतात; पुष्कळदा तेही तोंडी, किंवा स्टँपपेपरवर दोन सह्या करून मालकाच्या कपाटात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणीही झाली पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी भाडेकरूवर नाही, मालकावर आहे. न केल्यास त्याला शिक्षा सांगितली आहे. याहून गोड गोष्ट पुढेच आहे. नोंदलेला करार नसेल आणि अटींविषयी वाद उत्पन्न झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे कलम मी चाळीत वाचून दाखवतो तेव्हा लोक हसतात. त्यांना वाटते मी पदरचे घालतो आहे. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत ज्या क्षेत्रांची नावे आहेत तेथे तो चालतो. तेव्हा आपले गाव त्यात आहे की नाही, हे वकिलाकडून किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून आधी विचारून घ्यावे.

नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर साधारण शेकडा पाव इतकेच पडते. मजूर म्हणतो, एवढा खर्च कशाला? त्याला मी सांगतो की या एका कागदावर विजेचे मीटर, गॅस आणि इंटरनेट मिळते, शिवाय बँकेत पत्ता बदलता येतो. कागद नसला म्हणजे काय होते ते आपण पाहतोच: पत्त्याच्या पुराव्यासाठी बिल मागतात आणि बिल नावावर करण्यासाठी पत्त्याचा पुरावा मागतात. माणूस दोन खिडक्यांच्या मध्ये शटल-लोकलसारखा फिरत राहतो.

आता वीज. वीज कायदा, २००३ चे ४३ वे कलम प्रत्येक बिऱ्हाडकरूने पाठ करावे असे आहे. जागेच्या मालकाने किंवा जागा ताब्यात असणाऱ्याने अर्ज केला असता वीज पुरवणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. 'किंवा' या शब्दात आपले सगळे आले. मालकाची सही नसेल तर मीटर मिळणार नाही, असे कचेरीच्या दारातला दलाल सांगतो, आणि कधीकधी खिडकीमागचा साहेबही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात स्पष्ट म्हटले, की वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाने ना-हरकत दाखला दिला नाही एवढ्यावरून ती भाडेकरूला नाकारता येत नाही. अर्ज करणारा त्या जागेत राहतो आहे की नाही, एवढेच कंपनीने पाहावयाचे. राहतो आहे याचा पुरावा कोणता? तोच नोंदलेला करार.

अर्जाबरोबर ओळखपत्र, जागेचा कागद, आणि परवानाधारक ठेकेदाराने वायरिंग तपासल्याचा अहवाल लागतो. अनामत भरावी लागते. पण ती आपलीच रक्कम असते, तिच्यावर व्याज मिळते आणि वीज सोडताना ती परत येते. जोडणी किती दिवसांत द्यावी याची मुदत केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत आहे. हे नियम डिसेंबर २०२० चे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने महानगरांत ३ दिवस, नगरपालिकांच्या हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी ती ठरली. डोंगराळ ग्रामीण भागाला ३० दिवस. अर्ज पुरा दिल्याची पोच घ्या; दिवस त्या पोचेपासून मोजायचे असतात. तोंडी अर्जाचा पहिला दिवस कधीच उजाडत नाही.

पूर्वीच्या भाडेकरूची थकबाकी हा दुसरा फास. नवा माणूस येतो आणि त्याच्या माथी जुन्याचे बिल मारले जाते. महाराष्ट्रातल्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे मागल्या राहणाऱ्याची बाकी जागेवर बोजा म्हणून येऊ शकते. मात्र नवा माणूस वारस नसेल तर ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलापुरती. म्हणून किल्ली हातात घेण्यापूर्वी शेवटचे बिल आणि ते भरल्याची पावती बघावी. त्याच वेळी मालकासमक्ष मीटरवरचा आकडा टिपून ठेवावा, मोबाइलवर फोटो काढावा, तारखेसह. दोन मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळे झालेली भांडणे मिटवण्यात माझ्या किती संध्याकाळी गेल्या, त्याचा हिशेब नाही.

सबमीटरचे गणित मात्र मला फळ्यावर मांडल्यासारखे सांगू द्या, कारण कामगाराचा पैसा जातो तो येथे. घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी, आणि ५०० च्या वर सर्वांत चढा. खालच्या आणि वरच्या टप्प्यांच्या दरांत दुपटीहून अधिक अंतर असते. कमी वापरणाऱ्या गरिबाला झळ कमी बसावी, हा त्यामागचा हेतू. आता समजा, एका चाळीत दहा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोली महिन्याला ६० युनिट वापरते. प्रत्येकाचे स्वतःचे मीटर असते तर सहाशेच्या सहाशे युनिट सर्वांत खालच्या दराने पडले असते. पण मीटर एकच, मालकाच्या नावाचे. मग त्या सहाशेपैकी १०० युनिटच खालच्या दराने, २०० दुसऱ्या टप्प्यात, २०० तिसऱ्यात, आणि उरलेले १०० थेट वरच्या टप्प्यात जातात. दहा गरिबांची बेरीज करून मीटरने त्यांचा एक श्रीमंत बनवला! मीटरागणिक दरमहा स्थिर आकार भरावा लागतो, तो दहा मीटर घेतल्यास दहा वेळा पडेल, हे खरे. तो धरूनही हिशेब भाडेकरूच्याच बाजूने उतरतो. कोणीही वहीवर करून पाहावा.

यावर मालक आपल्या पदरचे दोनचार रुपये युनिटमागे चढवतो, कारण सबमीटर बाजारातून आणलेला, त्याचा आकडा मालकानेच वाचायचा, आणि तो पळतो की सरळ चालतो हे कोणी तपासायचे नाही. वीज वितरणाला आणि व्यापाराला परवाना लागतो, असे वीज कायद्याचे १२ वे कलम आहे. एका मीटरचा खर्च राहणाऱ्यांनी आपापल्या वापराप्रमाणे वाटून घेणे निराळे आणि तीच वीज नफ्याने विकणे निराळे. तेव्हा वेगळे मीटर लगेच मिळत नसेल, तर निदान मूळ बिल दर महिन्याला चाळीच्या भिंतीवर लावावे, अशी मागणी दहाही बिऱ्हाडांनी मिळून करावी. एकट्याने केली तर दुसऱ्या दिवशी खोली खाली करावी लागते. दहाजणांनी केली तर मालक चहा पाजतो.

मालकाचीही एक बाजू आहे, आणि ती ऐकल्याशिवाय तंटा सुटत नाही. त्याने आयुष्याची पुंजी घालून चार खोल्या बांधल्या असतात. भाडेकरूच्या नावावर मीटर चढले की उद्या तो जागेवर हक्क सांगेल, अशी त्याला धास्ती असते. पागडीच्या काळातल्या मुंबईच्या गोष्टी त्याने ऐकलेल्या असतात. पण विजेचे बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. आणि ज्या नोंदणीला तो टाळाटाळ करतो, तीच त्याची ढाल आहे: त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानेदाराकडून जागा परत घेता येते, आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते, लेखी करार तेथे निर्णायक पुरावा धरला जातो. हे समजावून सांगितल्यावर नोंदणीला कबूल झालेले मालक मी पाहिले आहेत. न झालेलेही पाहिले आहेत.

भाडे थकले की वीज तोडायची, ही मालकांची जुनी रीत. भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे तेथे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांसारख्या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडणे किंवा अडवणे २९ व्या कलमाने मना आहे; भाडेकरूने न्यायालयात अर्ज केला तर त्या पुन्हा सुरू करण्याचा हुकूम होऊ शकतो. वितरण कंपनीलासुद्धा बिल थकल्याबद्दल वीज तोडताना पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तक्रारीसाठी १९१२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे भागले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो.

वीज घेतली म्हणजे ती मोजायलाही यावी. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास. नऊ वॅटचा दिवा शंभर तासांहून अधिक जळतो तेव्हा एक युनिट होते. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेरा तासांत ते संपवतो. पाणी तापवायची दीड हजार वॅटची सळई अवघ्या चाळीस मिनिटांत. घरात दिव्यावरून बोलणी बसतात आणि सळईला कोणी काही म्हणत नाही. आणखी एक गोष्ट, ही पैशाची नव्हे. पत्र्याच्या चाळीत, पावसाळ्यात, ओल्या भिंतीतून गळणारा विजेचा प्रवाह माणूस मारतो. मीटरजवळ गळती झाली की वीज तोडणारे, ३० मिलिअँपिअरचे यंत्र बसवलेले आहे का ते बघा. त्यावर तपासणीचे बटण असते. ते दाबले की वीज गेली पाहिजे. गेली नाही तर यंत्र निकामी. अर्थिंगची तार जमिनीत खरोखर उतरली आहे, की नुसती भिंतीमागे गुंडाळून ठेवली आहे, हे खोली घेण्यापूर्वी वायरमनला दाखवा.

पाण्याचा नळ खेड्यात ग्रामपंचायतीचा आणि जोडणी घरमालकाच्या नावाची; येथे भाडेकरूचा हात आखूड पडतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी यादीत आहे का, आणि पाणीपट्टी भाड्यात धरली आहे की वेगळी, हे करारात लिहून घ्यावे. पंपाची वीज कोणाच्या मीटरवर, हेही. कारण पुष्कळ चाळींत तळमजल्यावरच्या बिचाऱ्याच्या मीटरवर सगळ्या चाळीचे पाणी वर चढत असते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरवले. हजार लिटरची टाकी आणि चाळीत तीस माणसे, म्हणजे माणशी तेहेतीस. टाकी एकदाच भरत असेल तर हिशेब तेथेच संपला. वैतरणेच्या खोऱ्यात राहून आपण हे मोजतो आहोत. त्याच नदीचे पाणी मोडकसागरच्या धरणातून १९५७ पासून मुंबईला जाते. मुंबईच्या कामगाराला पाणी मिळू नये असे मी कसे म्हणेन? पण नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याने टँकरला पैसे मोजावेत, हे मनाला पटत नाही. बोईसरच्या बाजूला कूपनलिकेचे पाणी असेल तर ते तपासल्याशिवाय पिऊ नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत तारापूरचे औद्योगिक क्षेत्र देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत मोडले होते, आणि जमिनीखालचे पाणी कारखान्याच्या कुंपणाशी थांबत नाही.

गॅसचे काम त्या मानाने सुटसुटीत. दूरच्या गावाहून येताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून त्याच्याकडून व्हाउचर घ्यावे, नव्या गावच्या वितरकाला ते द्यावे. सिलिंडर टेंपोत घालून आणू नये. ज्यांच्याकडे पत्त्याचा कागद नाही अशा स्थलांतरित कुटुंबांना ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या घोषणापत्रावर जोडणी घेता येऊ लागली. एकट्या राहणाऱ्या तरुणाला ५ किलोचा लहान सिलिंडर पुरतो. तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. चोरून मोठ्यातून लहानात गॅस भरून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. त्या दुकानांतल्या स्फोटांच्या बातम्या आपण वाचतोच.

राहिले इंटरनेट. ही चैन आहे, असे म्हणणारे अजून भेटतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते देशात सामान्य लोकांसाठी खुले झाले तेव्हा ती चैन होती. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली आणि ज्या खोलीत तार नव्हती त्या खोलीतले पोर वर्गाबाहेर राहिले, त्या दिवशी तो वाद संपला. आज कामगाराचा भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, मुलीचा प्रवेशअर्ज, गॅसची नोंदणी, सगळे त्या तारेवर.

ही तार म्हणजे केसासारखी बारीक काचेची तंतू असते, तिच्यातून प्रकाश धावतो. खांबावरून ती घरात येते, एका पेटीत शिरते, आणि पेटी तो संदेश हवेत सोडते. तार काचेची असल्याने ती काटकोनात दुमडायची नाही, खिळा ठोकून दाबायची नाही. पेटी विजेवर चालते. वीज गेली की इंटरनेटही गेले. आपल्याकडे पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर वीज जाते, तेव्हा परीक्षेचा अर्ज भरायचा असेल तर पेटीपुरती लहान बॅटरी घेऊन ठेवणे शहाणपणाचे. जाहिरातीत शंभर 'मेगाबिट' लिहिलेले असतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर मेगाबिटांच्या तारेवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही फसवणूक नव्हे, पण माप समजून घेतलेले बरे. सरकारी व्याख्येत जानेवारी २०२३ पासून सेकंदाला निदान दोन मेगाबिट वेग असेल तरच तिला ब्रॉडबँड म्हणतात. एका बिऱ्हाडाला तीसचाळीस मेगाबिट पुष्कळ झाले.  जिच्या नावावर जोडणी, तिच्यावरून कोणी काय केले याचा जाब तिलाच द्यावा लागतो, म्हणून परवलीचा शब्द सगळ्या चाळीत वाटू नये.

पुष्कळ चाळींत मालकाचा आणि एका केबलवाल्याचा घरोबा असतो. दुसऱ्या कोणाची तार आत येऊ देत नाहीत. भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी लागते, हे मान्य. म्हणून खोली ठरवतानाच, डिपॉझिट देण्यापूर्वी, आपल्या पसंतीची तार घेण्याची मुभा आणि भोकाची जागा करारात एका ओळीत लिहून घ्यावी. डिपॉझिट दिल्यावर भाडेकरूचा आवाज निम्म्याने उतरतो. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा म्हणजे सूट, असे सांगतात; ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याने महिन्याचेच भरावेत. पेटी विकत घेतलेली की वापरायला दिलेली, हे पावतीवर लिहून घ्यावे.

कारण एक दिवस ही खोली सोडायचीही असते. त्या दिवशी मीटरवरचा आकडा पुन्हा टिपावा, शेवटचे बिल मागवून भरावे, आणि मीटर आपल्या नावावर असेल तर ते बंद करण्याचा किंवा नाव बदलण्याचा अर्ज देऊन पोच घ्यावी; नाहीतर पुढच्याने जाळलेली वीज आपल्या नावावर चढत राहते. अनामत परत मागण्यासाठी मूळ पावती लागते. केबलवाल्याची पेटी परत करून त्याची सही घ्यावी, आणि गॅसचे व्हाउचर भांड्यांच्या खोक्यात न घालता खिशात ठेवावे.